अक्कांच्या दारातला ळ

मालतीअक्का आणि मी यांची पहिली ओळख माझ्या फजितीतून झाली. एकसष्टीच्या गौरवग्रंथात एखाद्या शिष्याने असा आरंभ करावा हे काही बरे नव्हे, पण खोटे लिहिले तर ग्रंथ हाती पडल्यावर पहिला कान माझाच पिळला जाईल.

मी तेव्हा जळगावच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. स्नेहसंमेलनात संगीत नाटक होते आणि केवळ उंची पाहून मला राजा केले होते. किल्ल्याला शत्रूचा वेढा पडला आहे, राजा दरबारात येतो आणि गंभीरपणे म्हणतो, "प्रधानजी, काळ समोर उभा आहे." आता मी पडलो जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, केळीच्या बागांतला. आमच्या बोलीत ळ नाहीच. त्याच्या जागी आम्ही य ठेवतो. डोळ्याला डोया, शाळेला शाया. तालमीत मी कसेबसे निभावून नेले होते. त्या दिवशी समोर भरलेला हॉल पाहिला आणि तोंडून गेले, "प्रधानजी, काय समोर उभा आहे?"

मागच्या रांगेतून कोणीतरी शांतपणे उत्तर दिले, "प्रधान उभा हाये, महाराज."

पुढचा अंक कसा पार पडला ते मला आठवत नाही. पडदा पडल्यावर मी रंगपटात मुकुट मांडीवर घेऊन बसलो होतो. तेवढ्यात पेटीच्या साथीला बसलेल्या बाई आत आल्या. मुलींच्या शाळेत त्या गाणे शिकवतात आणि सारे गाव त्यांना अक्का म्हणते, एवढेच मला ठाऊक होते. त्या हसल्या नाहीत, त्यांनी समजूतही घातली नाही.

"गळा चांगला आहे तुझा. 'गळा' म्हण बघू."

"गया," मी म्हणालो.

"गेलाच म्हणायचा. उद्या साडेचारला घरी ये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्रातले एक कात्रण माझ्यापुढे ठेवले. दूरच्या एका महाविद्यालयात संगीत नाटकाची पदवी देणारा वर्ग सुरू होणार होता. खानदेशातल्या उमेदवारांची निवडचाचणी धुळ्याला व्हायची होती आणि त्यातून तिघेच घ्यायचे होते. एक तयार पद, एक आयत्या वेळी दिलेले पद आणि तोंडी प्रश्न, असा तो मामला होता. अक्कांनी अर्ज आधीच मागवून ठेवला होता. माझे नाव तेवढे लिहायचे राहिले होते.

माझ्या दृष्टीने ही शेवटची गाडी होती. सायन्सला मी दोनदा आपटलो होतो. आमचे आबा फार बोलणारे नव्हेत. मी भीत भीत विषय काढला तेव्हा ते बागेत केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिले काढत होते. वर न पाहता म्हणाले, "मले गान्यातलं काही समजत नही. पन एक डाव जाऊन पाय. नही जमलं तं मंग बागीत ये, अन् पुन्हा गान्याचं नाव काढू नको." आबांचा शब्द म्हणजे शब्द. बागेचे मला वावडे नव्हते; पण गाण्यावाचून बागेत उभे राहण्याची माझी तयारी नव्हती.

मग तीन महिने अक्कांनी माझ्या जिभेवर ळ बसवला. सुराची त्यांना चिंता नव्हती. बसस्टँडवरून त्यांच्या घरी येताना दुकानांच्या पाट्यांवर जिथे ळ दिसेल तिथे थांबून तो शब्द तीनदा म्हणायचा, असा त्यांचा हुकूम होता. एका डाळवाल्याने मी आपली चेष्टा करतो आहे असे समजून मला फळीच दाखवली होती. 'फळी' हा शब्दही मी तिथल्या तिथे तीनदा म्हटला.

शिकवणीचे अक्का काही घेत नसत. रिकाम्या हाताने जाणे बरे दिसत नाही म्हणून मी घरच्या बागेतल्या केळ्यांची एखादी फणी नेत असे. दाराची कडी वाजवून मी बाहेरून म्हणायचो, "अक्का, केयी आणली."

आतून आवाज यायचा, "आमच्याकडे नको."

दार उघडत नसे. मी उन्हात उभा. शेजारच्या बायका ओसरीवर येऊन बसत. कधी पाचव्या, कधी सातव्या वेळी माझ्या तोंडून 'केळी' निघे आणि मग कडी निघे. त्यानंतर मात्र ताक, गूळ-शेंगदाणे, आणि तासभर पदे. या शिस्तीत कुठेही कडवटपणा नसे. एकदा मी चिडून म्हणालो, "आमची बोली इतकी वाईट आहे का?" त्यावर अक्का पेटी बाजूला सारून म्हणाल्या, "कोण म्हणालं वाईट? मी अमळनेरची. घरात मी 'आहे'ला 'शे' आणि 'सगळा'ला 'बठ्ठा'च म्हणते. तूही आईपाशी केयीच म्हण. तिथे ळ लावलास तर ती माउली घाबरेल, पोराला काय झालं म्हणून. हा ळ नाटकातल्या राजासाठी आहे. काम झालं की मुकुटाबरोबर उतरवून ठेवायचा."

हे मी त्या वेळी नुसते ऐकले. कळले ते धुळ्याला.

चाचणीच्या ठिकाणी साथीला खानदेशातलेच माणूस हवे म्हणून संयोजकांनी अक्कांनाच बोलावले होते. बोलावणे येताच त्यांनी उलट टपाली कळवले की उमेदवारांत आपला एक विद्यार्थी आहे, चालत नसेल तर दुसरे कोणी पाहावे. संयोजकांनी चालेल म्हणून कळवले, फक्त साथीदाराने उमेदवाराशी बोलायचे नाही अशी अट घातली. पहाटेच्या एसटीने आम्ही निघालो. पारोळ्याच्या पुढे अक्कांनी फडके सोडून माझ्या हातावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा ठेवला. मी सवयीने तोंड उघडले, "कळ..."

"आज परीक्षा नाही," अक्का म्हणाल्या. "खा निमूट."

धुळ्याच्या एका शाळेच्या सभागृहाबाहेर बाकांवर सारे उमेदवार बसले होते. माझा नंबर शेवटचा होता. दारावरचा शिपाई सज्जन माणूस. माझी चुळबुळ पाहून म्हणाला, "तुना नंबर आखरी शे. पानी पी ले, भाऊ. आत वाघ नही शे." मी पाणी प्यालो आणि मनातल्या मनात ळ घोटत राहिलो.

तयार पद चांगले झाले. त्यात नऊ ळ होते आणि नऊच्या नऊ जागेवर पडले. टेबलामागच्या तिघांपैकी मधले अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचे, मान डोलावत होते. मग त्यांनी आयत्या वेळचे पद लिहिलेला कागद माझ्या हाती दिला. विरहिणी नायिका प्रियकराला विनवते आहे, असा प्रसंग होता. अक्कांनी सूर धरला. मी कागदाकडे पाहिले, तीन महिन्यांची सारी मेहनत जिभेच्या टोकावर आणली आणि खणखणीत गायला लागलो:

"सखळा, दळा करी, तुझी छाळा दे मला..."

कागदावर होते, "सखया, दया करी, तुझी छाया दे मला." मी एकूण एक य धरून त्याचा ळ केला होता. शुद्ध बोलायचे म्हणजे य दिसला की तो आपला गावठी य, त्याला हाकलायचे, एवढेच माझ्या डोक्यात बसले होते. परीक्षकांतले एक जण म्हणाले, "दळा? इथे काय जात्यावर बसलात?" दुसऱ्यांनी रुमाल तोंडाला लावला. अध्यक्षांनी पेन्सिल उचलली. मला आमची बाग दिसायला लागली, आबाही दिसले.

तेवढ्यात पेटी थांबली. अक्का उठून उभ्या राहिल्या.

"चूक त्याची नाही, माझी आहे," त्या म्हणाल्या. "ळ कुठे लावायचा ते मी तीन महिने शिकवलं. कुठे लावायचा नाही ते सांगायला विसरले. औषध जास्त झालंय."

"बाई, साथीदाराने बोलायचं नाही असं ठरलं होतं," अध्यक्ष म्हणाले.

"ठरलं होतं. मी मोडलं. त्याबद्दल मला काय ते बोला. पण त्याला एकदा एवढंच सांगू द्या."

अध्यक्षांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. अक्का माझ्याकडे वळल्या. "वामन, त्या कागदावर ळ एकही नाही. आईशी बोलतोस त्या तोंडानं म्हण."

मी कागद पुन्हा पाहिला. खरोखरच एकही ळ नव्हता. सगळे य होते, आमच्या घरचे, जन्मापासून तोंडात असलेले. अक्कांनी सूर धरला आणि मी गायलो. सखया, दया, छाया, माया. जीभ कुठे वळवावी लागली नाही, कुठे आवरावी लागली नाही. पद संपले तेव्हा रुमालवाल्या परीक्षकांचा रुमाल खिशात गेलेला होता.

अध्यक्षांनी पेन्सिल खाली ठेवली नाही. म्हणाले, "एकच प्रश्न. तुमचं गाव कोणत्या जिल्ह्यात?"

मी अक्कांकडे पाहिले. त्या खाली मान घालून भात्याची खीळ लावत होत्या. या वेळी मदत नव्हती. य की ळ, हे मला एकट्याला ठरवायचे होते. मी दम घेतला आणि म्हणालो, "जळगाव."

"बसा बाहेर," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांच्या मिशा किंचित हलल्या.

चार वाजता फळ्यावर तीन नावे लागली. तिसरे माझे होते. मी पायरीवरच बसलो. आनंद झाला असे म्हणण्यापेक्षा छातीवरचे पोते कोणीतरी उतरवून घेतले असे झाले. शिपाई म्हणाला, "मी सांगं नव्हतं का?" अक्का बाहेर आल्या, फळा वाचला, पदराने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाल्या, "आबांना सांग, तुमची केयीची बाग वाचली. हा तिथे आला असता तर सगळी आडवी केली असती."

आबांना मी ते तसेच सांगितले. त्यांनी ऐकले, घड उतरवता उतरवता म्हणाले, "त्या बाईले एक फनी देऊन ये." आमच्याकडे यापेक्षा मोठा मान कोणाला मिळाल्याचे मी पाहिले नाही.

पुढच्या वर्षीच्या चाचणीला पेटीवर दुसरे कोणीतरी होते. हे मला पदवी घेऊन परतल्यावर, धुळ्यात नोकरीला लागल्यावर, त्या शिपायाकडून कळले. अट मोडली म्हणून संयोजकांनी अक्कांना पुन्हा बोलावले नव्हते, आणि त्यांनी तसे मला एका पत्रातूनही कळू दिले नव्हते. मी तडक जळगावला गेलो. माझा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, "बरंच झालं. त्यांच्या पेटीचा भाता फाटका होता. अर्धा जोर हवेतच जायचा." यापुढे त्यांनी मला त्या विषयावर बोलू दिले नाही. म्हणून आज, जिथे त्यांना मला अडवता येत नाही अशा जागी, मी हे लिहून ठेवतो आहे. माझे पोट, माझे गाणे, वर्गातल्या पोरांना मी जे काही देतो ते सारे, अक्का त्या दिवशी उठून उभ्या राहिल्या म्हणून आहे.

आता माझ्याकडे केळीच्या पट्ट्यातली पोरे येतात. ळ शिकवण्याआधी मी त्यांना य चा मान राखायला शिकवतो. अक्कांच्या घरी मी आजही फणी घेऊन जातो, कडी वाजवतो आणि मुद्दाम म्हणतो, "अक्का, केयी आणली." आता दार पहिल्याच हाकेला उघडते. आतून फक्त एवढेच येते, "माहीत आहे रे, तुला ळ येतो ते."

अक्कांच्या पेटीचा भाता असाच भरलेला राहो, गुडघे त्यांना फार न छळोत, आणि त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. यातला 'आयुष्य' हा शब्द मी लिहिल्यावर दोनदा तपासला आहे, अक्का. त्यात य आहे.