सुतकातला नाताळ

अमेरिकेत एडिसन गावच्या गोदामात मला फोर्कलिफ्ट चालवायला शिकवली ती माझ्या इटालियन सुपरवायझरने. मी सातवीत शाळा सोडलेला, इंग्लिश तोडकंमोडकं. पण त्याने कधी कुणाला मला हसू दिलं नाही. ऐंशी सालानंतरची गोष्ट. "नाताळला आमच्या गावी यायचंच," असं तो दिवाळीपासून म्हणत होता. त्याचं गाव पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात, सगळी वस्ती इटलीतून खाणीत कामाला आलेल्यांची.

निघायच्या आदल्या दिवशी, मी राहायचो त्या बहिणीकडे देशातून फोन आला. चुलते गेले. आईबापामागे मला त्यांनीच वाढवलं होतं, आणि मी त्यांच्या दहाव्यालाही पोचणार नव्हतो.

"ताई, मला सुतक. सणाच्या घरात कसा जाऊ?"

"इथे कोण सुतक धरतंय? माणसाने एवढ्या मायेने बोलावलंय, आता कॅन्सल केलंस तर काय वाटेल त्याला? जा. फक्त कुणाला बोलू नकोस."

गेलो. त्या गावात घरांची छपरंसुद्धा शाळेत लिहायच्या पाटीच्या दगडाची. ज्या पाटीशी माझं जमलं नाही, तिचे ढीग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. गाडीत मी गप्प, तर त्याला वाटलं मला गाडी लागली.

दारात त्याची आई उभी होती, काळ्या कपड्यांतली म्हातारी. मी मागे सरायच्या आत तिने माझे दोन्ही गाल चुंबले. झालं, आता हिला आंघोळ करावी लागणार, हेच पहिलं मनात आलं.

घरात आपल्या गणपतीसारखी आरास होती. मेंढ्या, मेंढपाळ, गवत, आणि मधे रिकामी गव्हाण. संध्याकाळी सगळे जेवायला जमले तेव्हा म्हातारीने रुमालात गुंडाळलेला बाळ येशू आणला आणि माझ्यापुढे धरला.

"आमच्याकडे पाहुण्याच्या हातून ठेवतात," सुपरवायझर म्हणाला.

मी हात मागे घेतले. म्हातारीचा चेहरा उतरला.

"अरे, देव आहे तो, बॉम्ब नाही! घे की!" टेबलावरून कुणीतरी ओरडलं. पोरं खिदळली.

घ्यावा, तर यांचा देव विटाळणार. न घ्यावा, तर ज्याने मला उभं केलं त्याच्या आईचा सणाच्या दिवशी अपमान. "माय अंकल डाइड," मी म्हटलं. "टेन डेज, नो टच गॉड."

त्याने आईला त्यांच्या भाषेत सांगितलं. आता मला बाहेर काढतात, असं वाटलं. म्हातारीने मूर्ती नातीच्या हाती दिली, आत गेली, सुईदोरा घेऊन आली. खुंटीवरचा माझा कोट काढून मांडीवर घेतला आणि बाहीवर काळी फीत शिवत बसली. टेबलावर सणाचे मासे निवत होते, पण तिला कुणी घाई केली नाही.

"घरचं माणूस गेलं की आमच्यात हे लावतात," सुपरवायझर हळू म्हणाला. "असलं लपवायचं नसतं, ब्रदर."

नाताळच्या सकाळी त्यांच्याबरोबर चर्चपर्यंत गेलो, पायरीखालीच थांबलो. माणसं बाहेर आली ती फीत बघून थबकली. टोप्या काढल्या. ओळख ना देख, एकेक जण येऊन माझा हात दोन्ही हातांत धरू लागला. सुतकात मला कुणी शिवू नये, एवढंच मला शिकवलेलं. मी हात खिशात घातला, तर एका म्हाताऱ्याने तो खिशातून ओढून काढून धरला. मग मी रडलो, चुलते गेल्यापासून पहिल्यांदा. आणि रडता रडताही तीच काळजी, की अख्ख्या गावाला सणाच्या दिवशी आपण सुतक लावून चाललो.