वरूडच्या बाईचा प्रश्न

संत्र्याची साल सोलली की मला वरूडची एक बाई आठवते, जिला मी कधी पाहिलंही नाही. तेव्हा मी अकोल्यात विज्ञान शिकवायचो आणि नुकताच धर्मचर्चेच्या एका ऑनलाइन ग्रुपात शिरलो होतो. 'मी बौद्ध आहे. देव मानत नाही, तपासून पटेल तेवढंच मानतो,' अशी ऐटीत ओळख दिली होती. दुसऱ्याच दिवशी तिनं लिहिलं, "दादा, आमच्या बगीच्यात संत्रा तोडणं चालू आहे. मागच्या तोडीले माझा पोरगा होता, आता नाही. तुमच्या धर्मात गेलेलं माणूस कुठं जाते?" मी तासभर बसून उत्तर लिहिलं: आत्मा नसतो, अणू विखुरतात, दुःखाचं मूळ आसक्तीत असतं. लाइक धडाधड पडले. तिनं फक्त 'बरं' लिहिलं. संध्याकाळी मेथी निवडत बसलेल्या आईला मी ते सगळं कौतुकानं वाचून दाखवलं. तिचे हात थांबले. "पोरगं कसं होतं, नाव काय होतं, इतकं तरी इचारलं का रे तिले?" मी लगेच फोन उघडला, तर ती ग्रुप सोडून गेली होती. ते उत्तर मी नंतर काढून टाकलं. त्या पोराचं नाव मला आजही माहीत नाही.