सगुणेचा उजवा पाटा

सोमवारी उद्यमनगर बंद असतं. लेथ बंद, प्रेस बंद, समोरच्या फौंड्रीची भट्टीसुद्धा गार. अशा दुपारी शैलजा चौगुले एका जुन्या हिरव्या फियाटच्या पोटाखाली, चाकांच्या फळीवर उताणी पडली आहे. हातात पाना आहे, पण तो मघापासून एकाही नटाला लागलेला नाही. पोटात झुणका-भाकर, डोक्यात एकच प्रश्न, आणि पापण्या जड. नवऱ्याने, धैर्यशीलने, विचारलं असतं तर तिने काम चालू आहे असंच सांगितलं असतं.

फियाटचं नाव सगुणा. शैलजाचे सासरे, आबा, ज्या म्हशीच्या दुधावर वाढले तिचं नाव त्यांनी गाडीला दिलं आणि म्हशीइतकंच लाडावून ठेवलं. तरुणपणी त्यांनी ही गाडी ड्रॅग रेससाठी बांधली होती. या रेसमध्ये वळण नाही, घाट नाही. झेंडा पडला की सरळ पाव मैल सुटायचं, आधी पोचेल तो जिंकला. त्यामुळे अशा गाडीकडून एकच अपेक्षा असते, तिने नाकासमोर जावं. आणि हल्ली सगुणा सुटल्या सुटल्या उजवीकडच्या गवतात शिरते.

हे सुरू झालं नवे मागचे टायर बसवल्यापासून. वर्षापूर्वी आबा वारले, त्यांच्या माघारी जुन्यांना भेगा पडल्या, म्हणून रुंद, गुळगुळीत, मऊ रबराचे टायर आणले. ते मडगार्डला घासू नयेत म्हणून मागच्या दोन्ही कमानी उतरवल्या. कमान म्हणजे एकावर एक ठेवलेले लोखंडी पाटे, त्यांच्यावरच गाडीचं बूड तोललेलं असतं. तर डाव्या कमानीत जितके पाटे, त्याहून उजवीत एक आखूड पाटा जास्त निघाला! त्या कमानी नव्याने बांधणं हे आबांचं शेवटचं काम. तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता. "शेवटी दिसत नव्हतं त्यांना," धैर्यशील हळूच म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं. बापाची चूक मुलाने मोजणं वाईटच. शैलजाने तो पाटा काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला आणि दोन्ही बाजू सारख्या केल्या.

सारखं करण्याची तिला हौसच. घरात तसबीर टांगायची तरी ही बाई गवंड्याची पाणसळ लावणार, आणि आतला बुडबुडा मधोमध आल्याशिवाय हिला जेवण जाणार नाही. आबा तिला 'लेव्हलबाई' म्हणायचे.

रविवारी जुन्या गाड्यांची रेस आहे. धैर्यशीलने सांगून टाकलंय, या खेपेलाही गवतात गेली तर सगुणा घोरपड्यांच्या हॉटेलात. घोरपडे तिला पायरीपाशी उभी करणार आणि बॉनेट उघडून आत शेवंती लावणार. गिऱ्हाइकांनी फोटो काढावेत म्हणून! शेवंतीच्या विचाराने शैलजाच्या अंगाचा तिळपापड होतो. पण त्याहून खोल सलतंय ते वेगळंच. तो पाटा आबांची चूक होती का? ज्या माणसाने तिच्या हातात पहिल्यांदा पाना दिला, त्याचा हात शेवटी खरंच चुकला का?

पाना तिच्या पोटावर ठेवला जातो. डोळा लागतोय हे तिला कळतंय.

फळी हलते. तिला वाटतं आपलाच पाय लागला, पण फळी आपणहून गाडीखालून बाहेर येते आणि वर पत्र्याच्या जागी आबांचं तोंड दिसतं.

"झोपलीस व्हय गं?"

"नाही आबा. बघत होते."

"डोळं मिटून बघत हुतीस? मग लई मोठी मेस्त्री झालीस."

ती उठून बसते. भीती वाटत नाही, फक्त चहा टाकायला हवा असं वाटतं. मग तिचं लक्ष त्यांच्या हातांकडे जातं. नखं पांढरीस्वच्छ आहेत. जिवंतपणी त्यांतला काळा मळ कधी घासलेटनेसुद्धा निघाला नव्हता. उजवा अंगठा मात्र तसाच, प्रेसमध्ये सापडून मधोमध आडवी खाच पडलेला. म्हणजे मेल्यावर मळ जातो आणि खाच राहते? हे कोण ठरवतं? तिला राहवत नाही.

"आबा, तिकडे कसं असतं हो?"

विचारायचा अवकाश, गॅरेजच्या भिंती नाहीशा होतात. सगुणा, फळी, पान्यांचं कपाट, सगळं गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर उभं आहे. आबांचा हार घातलेला फोटो खिळ्याशिवाय हवेत टांगलाय, आणि चांगलाच तिरका.

"माझं असं थेट विचारू नको," आबा म्हणतात. "विचारलंस की जागा सरकती. लईच नेमकं विचारलंस तर जाग येईल तुला."

"बरं. फोटो सरळ करू?"

"ऱ्हाऊ दे. पाणसळ लावून टांगलायस, मान अवघडली माझी वर्षभर."

तिला हसू येतं. किती दिवसांनी कुणी तिची अशी थट्टा केली! आबा गेल्यापासून गॅरेजात सगळे तिच्याशी शहाण्यासारखे वागतात.

आबा सगुणेच्या मागे जाऊन उकिडवे बसतात आणि नव्या टायरवर अंगठा दाबतात, भाकरीचं पीठ मळून झालं की नाही ते बघावं तसा.

"मऊ हाय. चांगलं आणलंस. जमीन धरतंय हे."

"धरतंय, पण गाडी उजवीकडे पळतेय."

ती क्षणभर वाट बघते. जागा सरकत नाही. म्हणजे गाडीचं विचारलेलं चालतं. ती धीर करून पुढे म्हणते, "हवा कमी करून बघितली, स्टेअरिंग खोललं. काही उमजत नाही. का पळते?"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आबांची मेल्यावरही गेलेली नाही. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं.

"आधी पाणी आण," ते म्हणतात.

"कुठून?"

धावपट्टीच्या मधोमध विहीर आहे. तिच्या माहेरची, नेसरीची. काठाचा तो फुटका दगडसुद्धा ओळखीचा. काठावर तांब्याची घागर भरून ठेवलेली, आणि शैलजा परकरात आहे, पण वर गॅरेजचा निळा डगला आणि खिशात टेस्टर. तिला यात काही वावगं वाटत नाही.

"उचल. डाव्या कमरेवर घे."

ती वाकते, घागरीच्या गळ्यात हात घालते.

"थांब! हाय तशी ऱ्हा. कुठं कललीस बघ."

ती स्वतःकडे बघते. घागर अजून दगडावरच आहे, थेंबभर वजन अंगावर आलेलं नाही, आणि तिचं अख्खं अंग आधीच उजवीकडे झुकलंय. पायाचा उजवा अंगठा मातीत रुतलाय.

"घागर तर उचललीच न्हाईस. मग वाकडी का उभी हाईस?"

"उचलली की डावीकडे ओढणार. म्हणून आधीच..." ती बोलता बोलता थांबते.

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. सगळ्याच बायका करतात."

"आन सरळ उभं ऱ्हाऊन उचलली तर?"

"घागरीसकट पडीन."

"मग माझ्या सगुणेनं काय पाप केलंय?" आबा म्हणतात. आवाजात राग नाही, पण लेकराची बाजू घ्यावी तसा तो जरासा हुळहुळा आहे.

शैलजा घागर तिथेच सोडते. पायाखाली पुन्हा फळी आहे, ती तिच्यावर आडवी होते, आणि फळी सरकत सरकत सगुणेच्या पोटाखाली शिरते. झेंडा पडतो. कुणी पाडला कोण जाणे. गाडी सुटते आणि फळीही तिच्याबरोबर धावू लागते, इतकी अलगद की पोटातलं पाणी हलत नाही. जागेपणी असं बघायला कुठल्या मेकॅनिकला मिळतं? शैलजा डोळे ताणून बघते.

इंजिनाचा जोर मधल्या दांड्यातून पिळत पिळत मागे येतो. मागची दोन्ही चाकं जोडणारा आख सगळाच्या सगळा एका अंगाला कलंडू बघतो. डावं चाक जमिनीत दाबलं जातं, त्याच्या टायरला सुरकुत्या पडतात. उजवं हलकं होतं, सुपातल्या फोलासारखं, नुसतं वरवर फिरतं. सगळी ढकल डाव्या चाकाची. मग गाडीचं तोंड उजवीकडे वळणार नाही तर काय होणार?

"उजवं उचलतंय, आबा!"

"सुटताना उचलतंय. म्हणून उभं असतानाच त्याच्यावर जरा जास्त दाब ठेवायचा. मग सुटताना दोन्ही सारखी."

आबा तिच्या शेजारी आडवे आहेत. ती फळी एकाच माणसाची आहे, पण दोघं मावलेत. त्यांच्या हातात तो आखूड पाटा आहे, खिळ्यावरचा. ते हात वर करून तो उजव्या कमानीखाली नुसता धरतात. बघता बघता उजव्या टायरलाही तशाच सुरकुत्या पडतात, तितक्याच खोल. सगुणा सरळ होते. वाऱ्याचा आवाज बदलतो.

"म्हणजे उभी असताना ती वाकडी दिसणार," शैलजा म्हणते.

"दिसंल की. उभं ऱ्हायला थोडीच बांधलीया तिला?"

"पण मी दोन्ही सारखं केलं."

"केलंस. लेव्हलबाईच तू." ते हसतात. त्यांचं हसणं पूर्वीसारखंच खोकल्यात संपतं.

आता तिला सगळं कळलंय आणि काहीच कळलेलं नाही. पाटा बरोबर होता. पण तो ठरवून घातला होता, की आंधळ्या हाताने एक जास्त पडला आणि नशिबाने बरोबर ठरला? धैर्यशील हेच विचारणार. खरं सांगायचं तर तिलाही हेच हवंय. पण हा प्रश्न गाडीचा नाही, आबांचा आहे. विचारला की जागा सरकेल. कदाचित सगळंच संपेल.

ती थोडा वेळ नुसती पडून राहते. शेजारी आबांच्या अंगाचा तोच वास आहे, चुना-तंबाखूचा आणि ऑइलचा. अजून थोडं असंच चाललं तर काय बिघडलं? विचारायचंच नाही, असंही तिच्या मनात येऊन जातं.

"विचार," आबाच म्हणतात. "पोटात ठिवून झोप येणार न्हाई तुला."

"आबा, शेवटी तुम्हाला दिसत होतं का?"

धावपट्टीच्या टोकाकडून उजेड विरघळू लागतो. आबा पाटा छातीवर आडवा धरतात.

"डोळ्यांला न्हाई गं. ह्याला दिसत हुतं."

आणि ते आपला खाचेचा अंगठा पाट्यावर दाबतात, टायरवर दाबला होता तसाच.

फळी कशाला तरी धडकते.

शैलजा डोळे उघडते. वर सगुणेचं पोट, बाजूला पडलेला पाना, आणि पत्र्याच्या भोकातून आलेली उन्हाची चकती. शटरपाशी धैर्यशील उभा आहे, हातात टेप.

"घोरपड्यांनी लांबी-रुंदी मागितलीय," तो तिच्याकडे न बघता म्हणतो. "नुसती मोजून ठेवतो. जाईलच असं नाही."

ती गाडीखालून सरकत बाहेर येते. उठून थेट भिंतीकडे जाते आणि खिळ्यावरचा पाटा उतरवते. टांगला तेव्हा तिने तो कोरडा पुसला होता, आता त्यावर गंज धरलाय, हात लावला की तांबडी भुकटी सुटते. मात्र मधोमध एके जागी गंज नाही. तिथे ताज्या ग्रीसचा ठसा आहे, अंगठ्याएवढा, आणि त्याच्या रेषा कापत गेलेली एक आडवी खाच.

"अहो, इकडे या."

धैर्यशील येतो. आधी पाट्याकडे बघतो, मग तिच्या अंगठ्यांकडे, मग स्वतःच्या. टेप सटकन मिटते.

"हे कसं..."

"ते चुकले नव्हते," शैलजा म्हणते. "उजवं चाक सुटताना उचलतं, म्हणून तिकडे जास्तीचा पाटा. मुद्दाम घातला होता. दिसत नव्हतं, तरी मुद्दाम."

धैर्यशील टेप खिशात टाकतो. "मी सगळ्यांना सांगत फिरलो, म्हाताऱ्याचं काही खरं राहिलं नव्हतं," तो म्हणतो, आणि बाहीने डोळे पुसतो.

शैलजा जॅक लावते, उजवी कमान सोडवते. जुन्या सवयीने तो ग्रीसचा डबा पुढे करतो. ती पाटा जागेवर धरते आणि थांबते. हा बसायचा दोन पाट्यांच्या मध्ये. क्लॅम्प आवळला की ठसा चिरडून जाणार. आबांचं एवढंच मागे उरलंय, आणि ते ठेवायचं तर सगुणा घोरपड्यांच्या शेवंतीला जाणार. दोघांनाही ते एकदमच कळतं.

"फोटो काढून ठेवू का?" ती विचारते.

धैर्यशील पाटा तिच्या हातून घेतो. आपला अंगठा त्या ठशाच्या अगदी जवळ नेतो, टेकवत मात्र नाही.

"नको," तो म्हणतो. "आतच राहू दे त्यांना. आवळ."

ती आवळते. जॅक खाली येतो, सगुणा नव्या टायरांवर बसते, आणि मागून बघितलं तर उजवीकडून चांगलीच वर दिसते. शैलजाचा हात सवयीने पाणसळीकडे जातो. मग ती पाणसळ कपाटात ठेवते आणि कपाट लावून घेते.