बुरुजातली सून

आज अंगणातली रानतुळस उपटली, हाताला तिचा वास लागला आणि मला सासरच्या गावचा दगडी बुरूज आठवला. लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. बुरूज ढासळू नये म्हणून त्यात एका सुनेला जिवंत चिणलं होतं, असं गावात सांगत. भीतीनं तिकडे कोणी फिरकत नसे. माझी विधवा थोरली जाऊ मात्र दुपारी तिथल्या रानतुळशीत बसून दगडाला कान लावी. एकदा मी मागोमाग गेले.

“काय आयकू येते, बाई?”

“काईच नाई वं.”

“मंग काऊन येता?”

“तिले वाटलं पाह्यजे ना, कोनीतरी आलं म्हून.”

मी शेजारी बसले. जाऊबाईंनी माझा हात धरला, तो उन्हं उतरेपर्यंत सोडला नाही. तेव्हा मला वाटलं, त्यांना भीती वाटतेय. आता मीही घरात एकटीच असते, आणि त्यांनी हात का सोडला नाही ते कळतं.