हमालाची मजुरी

नव्वदच्या सुमाराला जामनेरजवळच्या आमच्या गावच्या तलावाचा बांध फुटू लागला. टाकलेलं प्रत्येक वाळूचं पोतं वाहून जाई, तेव्हा आम्ही हात टेकले. तेवढ्यात लष्कराची तुकडी आली. तिचा तरुण अधिकारी बूट काढून छातीभर पाण्यात उतरला आणि पोतं पायाखाली दाबून उभा राहिला.

"हाऊ साहेब शे का हमाल?" शेजारचे म्हातारे आबा म्हणाले. हा साहेब आहे की हमाल, हेच त्यांना कळेना.

"साहेब, जवानांना उतरवा," मी ओरडलो.

"पाणी किती ओढतं ते आधी मला कळू द्या!"

मग जवान उतरले, पाठोपाठ सगळं गाव. दिवस मावळायच्या आत बांध पक्का झाला. भाकरी वाटल्या तेव्हा तो अधिकारी रांगेत शेवटी होता. आबांनी आपली भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

"धर रे हमाल, तुनी मजुरी!"

त्याने ती कपाळाला लावली, आणि अख्खा बांध हसला.