पाहुण्यांसाठी आणलेलं पाणी

सेवाग्राम स्टेशनवर गाडी थांबली तेव्हा आमच्या डब्यातून तिघे उतरले. एक मी आणि दोन तरुण इंजिनियर. त्यांच्याजवळ एक काळी पेटी होती. पुण्यापासून ती त्यांनी आळीपाळीने मांडीवर घेतली होती. पेटीत प्रोजेक्टर होता, हे त्यांच्या बोलण्यावरून कळलं. स्टेशनबाहेर त्यांच्यासाठी पांढरी गाडी उभी होती. माझ्यासाठी एसटी होती, आणि तीही अजून यायची होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं एकाच पंगतीत एकच वरण ओरपणार आहोत, याची कल्पना कोणालाच नव्हती.

मला बोलावलं होतं दामोदरने. नागपूरच्या होस्टेलात आम्ही एका खोलीत राहायचो. पुढे मी पुण्यात ग्रंथपाल झालो आणि तो अल्लीपूरला वडिलांच्या किराणा आणि बियाण्यांच्या दुकानात बसला. त्याचं पत्र चार ओळींचं होतं. 'आमच्याकडे जनसुनावणी आहे. जमिनीखालच्या कोळशातून गॅस काढणार आहेत, लोकांचं मत विचारायला साहेब येणार आहेत. तू सगळ्या समारंभांना नावं ठेवतोस. हा एक राहिला आहे. बघून जा.'

वर्ध्याहून बस निघाली. पिपरी मेघेत नवी घरं उगवत होती. काहींना रंग लागला होता, काहींच्या छतावर नुसत्या सळया उभ्या होत्या. ती वस्ती संपली आणि शेतं लागली. फेब्रुवारी अर्धा सरला होता. तूर निघून गेली होती, वेचून झालेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं) शेतात तशीच उभी होती, करड्या काड्यांची. इतक्या मोकळ्या मुलखात माणसाला हलकं वाटायला हवं. मला तसं वाटलं नाही. ऊन आत्ताच चटके देत होतं आणि मे महिना अजून लांब होता.

शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोनाकडं जी?"

मी दामोदरचं नाव सांगितलं.

"मंग तुमी ग्यासवाले."

"नाही हो. मी नुसता बघायला आलोय."

"ग्यासवालेबी हेच म्हनत होते पयले."

एवढं बोलून तो खिडकीबाहेर बघत बसला. अल्लीपूर येईपर्यंत त्याने माझ्याकडे मान वळवली नाही.

दामोदरच्या दुकानापुढच्या बाकावर लोकमत गोळा करायला फार कष्ट पडत नाहीत. चहा सांगितला की ते आपोआप येतं. सगळ्यांना ठाऊक असलेली हकीकत एवढीच होती: कंपनी खोल बोअर घेणार, कोळशाच्या थरात पाणी, वाळू आणि औषधं प्रचंड दाबाने सोडून तो थर तडकवणार, आणि फटींतून येणारा गॅस वर ओढणार. त्याआधी लोकांना विचारायचं. एक चाचणीचा बोअर मात्र न विचारताच मागच्या वर्षी घेऊन झाला होता. ती नुसती चाचणी होती म्हणे.

"घरोघरी नळानं ग्यास येईन," एकजण म्हणाला.

"पान्याचा नळ आला काय तुह्या घरी?" दुसऱ्याने विचारलं.

"रोड तं होईन."

"रोड होईन, अन् तुह्या वावरातूनच जाईन."

दामोदर स्वतः गॅसच्या बाजूचा. कामगार आले की मुक्काम करतील, खातील-पितील, गावाला बाजार येईल, असं त्याचं सरळ गणित. तासाभरात माझ्या ध्यानात आलं की इथे मत बोअरच्या अंतरावर ठरतं. ज्याचं शेत लागून, तो विरुद्ध. दोन शेतं पलीकडचा विचार करतो आहे. आणि ज्याचं दुकान रस्त्यावर आहे, तो देशाच्या प्रगतीबद्दल बोलतो. मी हे दामोदरला सांगितलं.

"अन् ज्याचं घर पुण्यात आहे तो?" त्याने विचारलं.

संध्याकाळ व्हायच्या आत तो मला टेम्पोत घालून सुनावणीच्या गावी घेऊन गेला. अल्लीपूरपासून सात-आठ किलोमीटर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे कौसल्याबाई भेटल्या. पन्नाशीच्या, उंच, कमरेला पदर खोचलेल्या. नवरा वर्ध्याला नोकरीत, त्यामुळे शेती त्याच बघतात. त्यांची विहीर सासऱ्यांच्या काळातली, दगडाने बांधलेली. गावात लग्न कोणाचंही असो, वरणाचं पाणी या विहिरीचं असायचं, कारण तुरीची डाळ या पाण्यात लोण्यासारखी शिजायची. चाचणीचा बोअर झाला तो दोन शेतं सोडून. त्यानंतर डाळ शिजेनाशी झाली.

"कंपनीनं पानी तपासलं जी," त्या म्हणाल्या. "कागद आला. पानी पिण्यासारखं हाये म्हने. मी कुठं नाई म्हटलं? आमी पितोच. दाळ शिजत नाई, एवढंच मी सांगून राह्यली. तर कागदात दाळीचा रकानाच नाई."

बोअरमुळेच हे झालं की नाही, मला सांगता येणार नाही. पाणी आपोआपही जड होतं, विहिरी म्हाताऱ्या होतात. बाईंनाही तसा हट्ट नव्हता. त्यांचं मागणं एकच होतं. परवानगी देण्याआधी ही विहीर गावासमोर पुन्हा तपासा, आणि तसं सुनावणीच्या कागदावर लिहा. लिहिलं नाही तर पुढचे बोअर होतील, आणि मग कोणत्या विहिरीला कशाने काय झालं हे कोणालाच कधी सांगता येणार नाही.

त्यासाठी त्यांनी बेत आखला होता. जेवणाची व्यवस्था कंपनी हिंगणघाटहून करणार होती. गावाने ती नाकारली. आपल्या गावात आलेला माणूस बाहेरचं अन्न कसा खाईल? तेव्हा गावातर्फे रोडग्यांची (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे) पंगत ठरली. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. वरण कौसल्याबाईंच्या विहिरीच्या पाण्यात. साहेबांनी एक घास चावला की भाषणाची गरज नाही. मला हा बेत फार आवडला. इतका थोडक्यात मांडलेला पुरावा मी ग्रंथालयात कधी पाहिला नव्हता.

सकाळी मांडव सजला. हार, समई, शाल-श्रीफळ. फलकावर 'जलदाबीय विभंजन : पर्यावरणस्नेही ऊर्जा' असं लिहिलेलं. एका शेतकऱ्याने मला त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. "असं?" तो म्हणाला, "मले वाटलं कोन्या देवाचं नाव हाये."

माझे दोन सहप्रवासी पेटी उघडून तयारीत होते. जिल्ह्याचे साहेब आले, समई पेटली, प्रोजेक्टर सुरू झाला, पडद्यावर एक निळी पृथ्वी दिसली आणि गेली. लोडशेडिंग. देशाला ऊर्जा कशी मिळणार ते सांगायला आलेली मंडळी पुढचा दीड तास हातवाऱ्यांनी बोलत होती. बाहेरच्यांना बोलता येणार नाही, फक्त गावच्या रहिवाशांनी बोलावं, हा नियमही तेव्हाच वाचून दाखवला गेला.

कंटाळून मी मांडवामागे गेलो. तिथे मोठ्या गंजात वरण सकाळी सातपासून चुलीवर होतं. दहा वाजून गेले होते. कौसल्याबाईंनी पळीने डाळ वर काढली आणि बोटांत दाबली. दाणा निसटला आणि राखेत पडला.

"झालं मंग," त्यांचे दीर रामभाऊ खुशीत म्हणाले. "असंच वाढा. हेच तर दाखवाचं हाये."

कौसल्याबाईंनी मांडवाकडे पाहिलं. पन्नासेक परकी माणसं बसली होती. त्यात एक पिकल्या केसांचा कारकून होता, मघापासून रुमालाने घाम पुसत असलेला.

"त्या बुढ्याच्या तोंडात दात हायेत काय?" त्यांनी विचारलं.

"त्याचं काय करतं तू?"

"पंगतीत बसलेल्या मानसाले कच्ची दाळ वाढाची, भाऊजी? आपल्या हातानं?"

"वहिनी, कालपासून हेच ठरलं ना?"

"काल पावने आले नव्हते."

मग त्या दामोदरकडे वळल्या. "दामूभाऊ, टेम्पो हाये ना? तुमच्या नळाचं पानी आना. दुसरी दाळ टाकतो आमी. लवकर येजा."

रामभाऊंनी डोक्याला हात लावला. पण अडवलं नाही. मला वाटतं, त्यांनाही हायसं वाटलं असावं.

आम्ही निघालो. परतताना मागे चार भरलेले ड्रम होते आणि ते धरायला मी. रस्ता असा की निम्मं पाणी माझ्या पँटवर सांडलं. मागच्या खिडकीतून मी दामोदरला म्हणालो, "तुझ्या मनासारखं झालं."

"म्हणजे?"

"डाळ शिजली तर तिच्या बोलण्यात काय उरतं? तुला गॅस हवाय."

"हवाय ना." त्याने गिअर बदलला. "म्हणून पंगतीच्या पाण्याला नाही म्हणू? मग मी या गावात तोंड कसं दाखवू?"

मी ड्रम घट्ट धरून बसलो.

पंगत दीड वाजता बसली. रोडगे खरपूस होते, फोडून वर तूप सोडलेलं. वांग्याची भाजी डोळ्यांतून पाणी काढणारी. आणि वरण! पिवळंधमक, दाट, वर सांबार (कोथिंबीर) भुरभुरलेला. माझ्या डाव्या हाताला साहेब बसले होते. माणूस हसतमुख, अगत्याने बोलणारा. कौसल्याबाई स्वतः वाढत होत्या. माझ्यासमोर थांबून त्यांनी विचारलं, "वरन कसं झालं जी?"

"उत्तम," मी म्हणालो. सवयीने म्हणालो, आणि जरा मोठ्यानेच. साहेबांनी मान डोलावली आणि आणखी एक वाटी घेतली. पिकल्या केसांच्या कारकुनाने वरणात रोडगा कुस्करून बराच वेळ शांतपणे खाल्लं. कौसल्याबाई त्याच्यासमोर दोनदा थांबल्या.

जेवणानंतर लोकांची पाळी आली. रस्ता मागणारे बोलले, नोकरी मागणारे बोलले. एका पुढाऱ्याने दोन्ही बाजूंनी भाषण केलं आणि दोन्हीकडून टाळ्या घेतल्या. मग कौसल्याबाई उभ्या राहिल्या.

"साहेब, बोअर झाल्यापासून माह्या विहिरीच्या पान्यात दाळ शिजत नाई."

साहेब प्रसन्नपणे हसले. "बाई, आत्ताच तर आम्ही सगळे जेवलो. इतकं चांगलं वरण मी वर्षभरात खाल्लं नाही."

मांडव हसला. गावही हसलं, आपल्या वरणाचं कौतुक झालं म्हणून.

"ते पानी अल्लीपूरचं होतं."

"मग आम्हाला इथलं पाणी का नाही दिलंत?"

"पावन्याले कच्चं कसं वाढाव जी?"

पुन्हा हशा झाला. इंजिनियरांपैकी एकाने चिमूटभर सोडा टाकून बघायला सांगितलं, चांगल्या मनाने. साहेबांनी विचारलं, "पाणी बाहेरून आणल्याचं कोणी सांगेल का?" रामभाऊ म्हणाले, "मी सांगतो." पण ते दीर, घरचेच. दामोदर आपल्या चपलांकडे बघत राहिला. आणि मी? माझी पँट अजून ओली होती. पण बाहेरच्यांनी बोलायचं नाही असा नियम होता. नियमाचा इतका आदर मी आयुष्यात क्वचितच केला असेल.

"लिवून घ्या ना जी, विहीर पुन्हा तपासा म्हनून," कौसल्याबाई म्हणाल्या.

"लिहितो, लिहितो," साहेब म्हणाले आणि कारकुनाला काहीतरी सांगितलं. कारकुनाने लिहिलं. पुढचं नाव पुकारलं गेलं.

निघताना कौसल्याबाईंनी मला कापडाच्या पुरचुंडीत तुरीची डाळ बांधून दिली. यंदाची, घरची. "तुमच्याकडं शिजन," म्हणाल्या. मी मांडवात बोललो नाही याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

दामोदरने मला नागपूरला पुण्याच्या गाडीपर्यंत सोडलं. वाटेत केळझरला गणपतीचं दर्शन घेतलं. टेकडीवरून खाली सपाट, तापलेला मुलूख दिसत होता. इतक्या उंचीवरून कोणत्या विहिरीचं पाणी कसं, काही कळत नाही. "काय मागितलंस?" मी विचारलं. "काही नाही," तो म्हणाला. "या वेळी मागायला सुचलंच नाही."

पुण्यात आल्यावर डाळ डब्यात पडून राहिली. पावसाळा संपता संपता दामोदरचं पाकीट आलं. आत सुनावणीच्या इतिवृत्ताची प्रत होती. अकराव्या पानावर तीन वाक्यं होती: 'ग्रामस्थांनी उपस्थितांकरिता गावातच स्वयंपाक केला. भोजन उत्तम असल्याचा अभिप्राय उपस्थितांनी दिला. पाण्याच्या प्रतीबाबत एका महिलेने केलेल्या तक्रारीत तथ्य आढळले नाही.' 'उत्तम' हा शब्द कुठून आला, हे मला शोधावं लागलं नाही. खाली दामोदरने पेनाने लिहिलं होतं, 'परवानगीचं अजून काही कळलं नाही. कौसल्याबाई आठवड्यातून दोनदा वरणापुरतं पाणी न्यायला येतात. मी नळ सोडून देतो.'

त्या दिवशी बायकोने ती डाळ कुकरला लावली. तीन शिट्ट्यांत शिजली, घोटायचीही गरज पडली नाही. आमच्या नळाचं पाणी कुठून येतं आणि वाटेत कोणाच्या जमिनीखालून येतं, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

"वरण कसं झालंय?" तिने ताट पुढे करत विचारलं.

मागच्या वेळी या प्रश्नाचं उत्तर मी फार लवकर दिलं होतं. या वेळी ताट समोर ठेवून ते अकरावं पान पुन्हा वाचत बसलो. वरण निवून गेलं.