वाळुंजावरच्या तुडतुड्याचं बारसं

वाळुंजाच्या झाडावर सापडलेल्या तुडतुड्या किड्याला कुणाचं नाव द्यायचं, यावरून आमच्या चंद्रपूरच्या निसर्गमंडळात भांडण लागलं. ती जात विज्ञानाला नवीन आहे की नाही, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. फोटो विनायकरावांनी काढला होता, झाड सुधाकररावांनी दाखवलं होतं. पुण्याच्या कीटकतज्ज्ञ बाईंनी कळवलं, "फोटोवरून जात ठरत नाही. नर पाठवा, त्याच्या जननेंद्रियांवरूनच ती ओळखता येते." म्हणून आम्ही रविवारी निघालो. मला बरोबर घेतलं, कारण गाडी माझी होती.

वाटेत मूल गावी तर्रीपोहे खाल्ले. तिथेही, शास्त्रीय नावाची लॅटिन शेपटी कुणाच्या आडनावाला शोभेल, हाच विषय. पेट्रोल गडचिरोलीतच भरून घ्या. पुढे पंप विरळ, आणि मोबाइलची रेंजही येते-जाते.

धानोऱ्याच्या अलीकडे नाल्याकाठी वाळुंजं उभी आहेत. शेत शेवंताबाईंचं. त्यांना विचारून आम्ही झाडाखाली चादर धरली आणि फांदी हलवली. तांदळाच्या दाण्याएवढे हिरवे किडे पडले, तिरपे पळाले, उडून गेले.

"काय धरून राह्यले जी?" शेवंताबाईंनी विचारलं.

"तुडतुडे," मी म्हणाले.

"मंग आमच्या धानात या नं. लागन तेवढे घेऊन जा."

"हे वेगळे आहेत," विनायकराव म्हणाले.

"मंग हे धानावर येतीन का?"

सुधाकररावांनी जैवविविधतेवर भाषण दिलं. ते संपल्यावर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक नव्हतं, तसंच सांगितलं.

दुपारपर्यंत सापडल्या त्या सगळ्या माद्या. भिंगातून पोटाच्या टोकाशी अंडी घालायची सुरी दिसते. दोन्ही पुरुष खट्टू होऊन सावलीत बसले. डबा संपताच नावाचा वाद पुन्हा सुरू. मी आणि शेवंताबाई फांद्या हलवत राहिलो. ऊन कलल्यावर दोन नर मिळाले. ते स्पिरिटच्या बाटलीत टाकले, आणि पुण्याला पाठवताना कुठे, कुणी धरले तेही मी लिहून दिलं.

काही आठवड्यांनी पुण्याहून उत्तर आलं: जात जुनीच, कधीची नोंदलेली.  मग विनायकरावांनी मंडळाच्या ग्रुपवर 'जिल्ह्यातली पहिली नोंद' असं लिहून स्वतः काढलेला फोटो टाकला, आणि पहिली नोंद नेमकी कुणाची, यावर सुधाकररावांनी हरकत घेतली. गाडीचे आभार मात्र दोघांनीही मानले.

मी पुण्याला गेले तेव्हा तज्ज्ञ बाईंनी त्यातला एक नर टाचणीवर लावलेला दाखवला. टाचणीखाली इवलीशी चिठ्ठी होती. तिच्यावर गाव, झाड, आणि पकडणाऱ्यांची नावं: माझं आणि शेवंताबाईंचं. अक्षरं इतकी बारीक की भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. मी दोनदा वाचली.